शेऱ्याचा खण

मशीन रूममध्ये बारा महिने थंडी. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असलं तरी आत वैद्यबाई लोकरीचं जाकीट घालून आणि पायांत दोन-दोन मोजे चढवून बसलेल्या असायच्या. नवरा म्हणायचा, "लोक थंड हवेसाठी सुट्टी काढतात, आमच्याकडे त्यासाठी नोकरी धरलीय."

बाईंचा वैद्यकीशी काडीचा संबंध नव्हता. एका संशोधन संस्थेत त्या दिवसपाळीच्या ऑपरेटर होत्या. दर दोन तासांनी उठायच्या, कपाटाएवढ्या उंच यंत्रांच्या रांगांमधून एक चक्कर मारायच्या, कुठला पंखा घरघरतोय का हे हात लावून बघायच्या आणि मग स्क्रीनवरचे आकडे जाड नोंदवहीत उतरवून घ्यायच्या. नाडी बघितल्यागत त्यांचं ते बघणं पाहून तिथलं संशोधन चालवणाऱ्या सरांनी एकदा थट्टेत "आमच्या वैद्यबाई" म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या यादीवरचं नाव आता फारसं कुणाला आठवत नव्हतं.

हे यंत्र नेमकं करतं काय, याबद्दल सासूबाई बरीच वर्षं येईल त्या पाहुण्याला वेगवेगळं सांगायच्या. कधी हवामान, कधी रेल्वेची तिकिटं. शेवटी एका दुपारी शेंगा सोलता सोलता बाईंनी त्यांना नीट समजावलं. आपल्या पायाखाली तीन हजार किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. तापलेलं लोखंड वर येतं, निवलेलं खाली जातं, आणि पृथ्वी गरगर फिरत असल्यामुळे त्या प्रवाहांना पीळ पडतो. त्यातून वीज वाहते, विजेतून चुंबकत्व तयार होतं, आणि होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करते ती त्याच्या जोरावर. तिथं खाली जाऊन कुणी बघू शकत नाही. म्हणून सरांनी ती पृथ्वी यंत्रात मांडलीय. गोळ्याचे लाखो बारीक तुकडे केलेत. कुठं किती तापलंय, काय कुठं वाहतंय, चुंबकत्व किती आहे, हे प्रत्येक तुकड्याचं गणितानं काढायचं. मग काळ एक पायरी पुढे सरकवायचा आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा काढायचं. यंत्राचा एक दिवस म्हणजे खालची हजारभर वर्षं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खालचा जाळ पेटता आहे ना, एवढं तू बघतेस."

बाईंनी विचार केला आणि हो म्हटलं. यापेक्षा सोपं सरांनाही सांगता आलं नसतं.

सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. जुने खडक सांगतात की पृथ्वीचं चुंबक आजवर कितीतरी वेळा उलटं झालंय, उत्तरेचं दक्षिण आणि दक्षिणेचं उत्तर. ते कसं होतं, हे सरांना आपल्या यंत्रात डोळ्यांनी बघायचं होतं. वीस वर्षं झाली, यंत्रं दोनदा बदलली, सरांचे केस गेले, पण त्यांच्या पृथ्वीनं एकदाही कूस बदलली नाही. एकतर ती वर्षानुवर्षं उत्तरेकडे तोंड करून बसायची, नाहीतर मरायची. मरायची म्हणजे चुंबकत्व विझायचं. मग तो रन, म्हणजे गणिताची ती अख्खी फेरी, बंद करून, आकड्यांत थोडा फेरफार करून पुढचा सुरू करायचा.

मरण कशाला म्हणायचं याचाही नियम होता. प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून तो बाईंच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला होता आणि खाली सरांची वीस वर्षांपूर्वीची सही होती. अख्खा गोळा मिळून एका सरळ पट्टीच्या चुंबकासारखा किती वागतो, त्याचा एक आकडा असतो. बाई त्याला ध्रुवांचा आकडा म्हणायच्या. एरवी तो शंभराच्या आसपास असायचा. तो सलग तीन दिवस पाचाच्या खाली राहिला की रन मृत समजावा, ऑपरेटरनं यंत्र थांबवावं, नोंदवहीत लाल शिक्का मारून सही करावी, सरांची सही घ्यावी आणि जागा मोकळी करण्यासाठी फायली पुसाव्यात. नियम केला तेव्हा यंत्रं गोगलगाईच्या चालीची होती आणि मेलेल्या रनवर एक तास घालवणंसुद्धा परवडत नव्हतं. पुढे यंत्रं बदलली, पण भिंतीवरचा कागद कुणी काढला नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्टच माणूस वाचायचं सोडून देतो.

नोंदवहीला चार खण होते. तारीख-वेळ, पायरी क्रमांक, ध्रुवांचा आकडा आणि शेरा. बाई नव्या होत्या तेव्हा शेऱ्याचा खण रिकामा सोडायच्या. सरांनी एकदा वही चाळली आणि चांगलं फैलावर घेतलं. रिकामा खण म्हणजे बघितलंच नाही असा अर्थ होतो, असं त्यांचं म्हणणं. रात्रपाळीचा ऑपरेटर त्या दिवसापासून प्रत्येक ओळीत "ठीक" लिहायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत त्यानं दुसरा शब्द लिहिला नाही. बाईंना ते जमेना. रोज चार-पाच वेळा "ठीक" लिहायचं, तेही ठीक आहे की नाही ते आपल्याला कळत नसताना, याची त्यांना लाज वाटायची. म्हणून त्या स्क्रीनवरचा पुढचाच आकडा तिथं उतरवून ठेवायला लागल्या. गोळ्यातल्या सगळ्या चुंबकत्वाचा, दिशा कुठलीही असो, मिळून एकूण जोर, वेगळ्या मापातला. तो कुणी मागितलेला नव्हता, म्हणून पेन्सिलीनं. सरांकडे दर सोमवारी आलेख जायचा तो फक्त ध्रुवांच्या आकड्याचा. पेन्सिलीचे आकडे वहीतच राहायचे.

बाईंची आणखी एक खोड होती. संस्थेत त्या लागल्या टायपिस्ट म्हणून, वेधशाळेतल्या जुन्या नोंदी टाइप करायला. तेव्हा एका साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी कागदांचा एक गठ्ठा टाकून दिला, आठवड्यानं तोच गठ्ठा हवा झाला, आणि बाईंना तीन महिने बसून सगळं पहिल्यापासून टाइप करावं लागलं. साहेबांनी हात वर केले होते. तेव्हापासून टाकून द्या म्हटलं की बाई मान डोलवायच्या आणि आपल्याला हवं तेच करायच्या.

आता हा या खोलीचा शेवटचा महिना होता. महिनाअखेर यंत्र बंद होणार, जागा दुसऱ्या विभागाला जाणार, हे ठरलेलं होतं. एकतिसावा रन चालू होता. तो संपला की उरलेले दिवस छोट्या मॅडमना मिळणार होते. छोट्या मॅडम सरांच्या हाताखाली चार वर्षं काम करत होत्या. त्यांचा स्वतःचा रन तयार होता आणि त्यावर त्यांचा प्रबंध अडला होता. दिवसातून दोनदा त्या काचेच्या दारातून डोकावायच्या आणि बाई मान हलवायच्या, अजून नाही.

वीस तारखेला सकाळी तिसरा दिवस भरला. ध्रुवांचा आकडा तीन. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी टेबलाचा खण उघडून शिक्का काढला, शाईच्या डबीवर दाबला आणि कुठं मारायचा ते बघायला वहीत खाली वाकल्या.

पेन्सिलीच्या खणात तेरा होता. वरच्या ओळीतही तेरा. त्याच्या वर चौदा, बारा, तेरा. रन जोमात होता तेव्हा तिथं चाळीस असायचे. चाळिसावरून जोर तेरावर आला होता हे खरं, पण तेरावर येऊन तो थांबला होता. तीन दिवसांत हललाच नव्हता. मेलेली गोष्ट थांबत नाही, ती खाली खाली जात राहते, एवढं बाईंना कळत होतं. त्यांनी शिक्का परत डबीत ठेवला आणि मॅडमना म्हणाल्या की जरा थांबा, मला जुन्या वह्या बघायच्यात.

कपाटातून त्यांनी अकरा वह्या काढल्या. दुपारपर्यंत त्या जमिनीवर बसून होत्या, आजूबाजूला वह्या पसरलेल्या, डबा तसाच बंद. वीस वर्षांत सतरा रनवर लाल शिक्का पडला होता. त्यातल्या तेरांचं मरण खरं होतं. पेन्सिलीचे आकडे वीस, नऊ, चार, एक असे उतरत गेले होते. उरलेल्या चारांचं नाही. त्या चारांत जोर बारा-तेरावर येऊन उभा होता, आणि तशा उभ्या असतानाच त्यांच्यावर शिक्का पडला होता. शिक्क्याखाली सही बाईंची.

सरांच्या खोलीत त्या वह्या पोटाशी धरून गेल्या. छोट्या मॅडम मागोमाग होत्याच.

"सर, एकतीसवर मी सही करणार नाही."

सरांनी चष्मा वर केला. बाईंनी वीस वर्षांत कुठल्या कागदाला नाही म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं की तीन दिवस भरले ना. बाई म्हणाल्या, भरले. मग नियम काय आहे? बाई म्हणाल्या, नियम पाठ आहे.

"बाई, तो नियम मीच लिहिलाय."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. दुसऱ्या कुणाचा असता तर सांगून काय उपयोग?" बाईंनी वह्या टेबलावर मांडल्या. "आमचे हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. गाडी मागे वळवायची झाली की वेग आधी शून्यावर येतो. शिकाऊ माणूस घाबरतो, त्याला वाटतं बंद पडली. हे त्याला एकच सांगतात, काट्याकडे बघू नको, इंजिन ऐक. सर, आपण वीस वर्षं नुसता काटा बघतोय. हा पेन्सिलीचा खण इंजिनाचा आहे."

सरांनी चार पानं उघडून शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी शंका काढल्या, आणि त्या खऱ्या होत्या. चुंबकत्व नुसतं विस्कटून पडेल आणि कधीच सावरणार नाही, असंही होतं. अशा पृथ्व्या त्यांनी पाहिल्या होत्या. मग ती वळणारही नाही आणि मरणारही नाही, नुसती घोळ घालत राहील. बाई म्हणाल्या की ते मला माहीत नाही, पण ती जिवंत आहे एवढं मला माहीत आहे, आणि जिवंत रनवर मी शिक्का मारणार नाही.

छोट्या मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. दहाच दिवस उरलेत आणि ते आपले आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. ते बघून बाईंना इतकं वाईट वाटलं की वह्या उचलून निघून जावंसं वाटलं. त्या गेल्या नाहीत.

सरांनी निर्णय दिला. दहा दिवस एकतीसला. मॅडमच्या रनसाठी दुसरीकडे हातपाय मारून बघू म्हणाले, पण मिळेलच अशी खात्री त्यांनी दिली नाही.

नंतरचे दिवस बाईंना फार जड गेले. ध्रुवांचा आकडा दोनवर आला, एकवर आला, उणे दोन झाला, म्हणजे किंचित उलट्या दिशेला, पुन्हा अधिक तीन. जोर तेराला धरून होता. मॅडम दुपारचा चहा बाईंबरोबर घ्यायच्या, तो त्यांनी बंद केला. रागानं नव्हे, त्यांना बोलता येईना. सर रोज सकाळी यायचे, वही बघायचे, हं म्हणून जायचे. सहाव्या दिवशी घरी बाईंच्या हातून दूध उतू गेलं, आणि नवऱ्यानं ओटा पुसता पुसता विचारलं की समजा हरलीस, तर पुढे काय.

बाई म्हणाल्या, "तर शिक्का मीच मारीन. आणि त्या मुलीसमोर जाऊन चुकले म्हणून सांगीन."

"आणि वैद्यबाई?"

"वैद्य काय, चुकतात कधीकधी."

म्हणायला त्या हसून म्हणाल्या, पण मनातून त्या घाबरलेल्या होत्या. नावाचं त्यांना एवढं नव्हतं. आयुष्यात त्यांनी आपणहून एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती दुसऱ्याच्या दहा दिवसांच्या जिवावर.

आठव्या दिवशी सकाळी दहाला आकडा उणे सहा होता. बाईंनी तो लिहिला आणि कुणाला काही सांगितलं नाही. बाराला उणे आठ. शेऱ्याच्या खणात पंधरा. त्यांनी डबा उघडला आणि न जेवता बंद केला. दोनला उणे अकरा. चारला उणे चौदा, जोर सतरा. तेव्हा मात्र त्या उठल्या, काचेचं दार उघडून मॅडमच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या की जरा येऊन वाचून दाखवा, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.

मॅडमनी स्क्रीनवर वाकून मोठ्यानं वाचलं. उणे चौदा. मग त्यांनी मागचे चार आकडे काढून बघितले, आणि जिन्यानं धावतच सरांच्या खोलीकडे गेल्या. लिफ्ट समोर उभी होती.

दहाव्या दिवशी दुपारी आकडा उणे अठ्ठावन्न होता आणि जोर छत्तिसावर. यंत्रातल्या त्या पृथ्वीवर कुणी होकायंत्र धरलं असतं तर सुईनं दक्षिण दाखवली असती. वीस वर्षांनी सरांची पृथ्वी वळली होती. मशीन रूममध्ये एरवी पाच मिनिटांत कुडकुडणारे सर दोन तास बाईंच्या स्टुलावर बसून राहिले. मधेच त्यांनी भिंतीवरचा तो कागद कव्हरासकट काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. संचालक स्वतः खाली आले. त्यांनी आकडे बघितले, सरांचा हात हातात घेतला आणि जाताना सांगून गेले की खोलीचं आता तीन महिन्यांनी बघू. म्हणजे मॅडमचा रनही इथंच होणार होता. मॅडमनी बाईंसाठी चहा आणला आणि स्वतःचा कप घेऊन शेजारी बसल्या.

सगळे पांगल्यावर सर म्हणाले, "बाई, मग ते आधीचे चार."

बाई रिकामे कप गोळा करत होत्या.

"चार वेळा ती वळायला निघाली होती. आणि चारही वेळा मी सही केली." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पहिली तर नऊ वर्षांपूर्वी. फायली पुसल्या असतील ना."

"पुसल्या," बाई म्हणाल्या. "नियमच होता."

त्या उठल्या. कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. पुढे पंख्यांच्या जाळ्यांची खोकी होती, ती एकेक करून खाली ठेवली. मागच्या फळीवर यंत्रातले आकडे साठवायच्या टेपा होत्या. ओळीनं उभ्या, धूळ पुसलेल्या, प्रत्येकीवर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात रनचा क्रमांक आणि शेवटच्या पायरीचा आकडा. सतराच्या सतरा.

"पुसायच्या आधी शेवटची पायरी टेपवर उतरवून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

सर कपाटापुढे उभे राहिले. त्यांनी एक टेप उचलली, अकराव्या रनची, आणि दोन्ही हातांत धरली. बाईंनी दुसरीकडे बघितलं आणि खोकी उगाच सारखी करत राहिल्या. आपल्याला इतका अभिमान वाटू शकतो हे त्यांना या वयात पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावा रन जिथं थांबवला होता तिथून सुरू झाला. बाईंनी नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. पानावर लाल शिक्का, खाली त्यांची सही, त्याखाली सरांची. त्यांनी पट्टी ठेवून शिक्क्यावर सरळ रेघ मारली आणि खालच्या कोऱ्या ओळीत तारीख-वेळ लिहिली, पायरी क्रमांक लिहिला, ध्रुवांचा आकडा लिहिला, तीन. मग सवयीनं पेन ठेवून कानामागची पेन्सिल काढली.

मागे उभ्या असलेल्या सरांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पेनानं लिहा, बाई."

बाईंनी पेन उचललं आणि शेऱ्याच्या खणात तेरा लिहिलं.